'राम' म्हणता न येणारं रामायण

प्रश्न :
नमस्कार ताई, मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते, वय ३४, एका कंपनीत अकाउंट्स बघते. मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. कॉलेजपासून गझल लिहिते, इथल्या एका कविकट्ट्यावर वाचते, लोक वाहवा करतात, बरं चाललं होतं. मागच्या पावसाळ्यात माझ्या वडिलांना (आम्ही अण्णा म्हणतो) स्ट्रोक आला. हातपाय बऱ्यापैकी सावरलेत पण चेहऱ्याची एक बाजू ओढली गेलीये आणि ओठ नीट मिटत नाहीत, त्यामुळे प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं फार अडतात. स्पीच थेरपीच्या मॅडम आरशासमोर पा-पा, बा-बा, मा-मा करून घेतात. मला घरी पिंकी म्हणतात, आता त्यांच्या तोंडून 'इंकी' असं काहीतरी येतं आणि त्याची त्यांना इतकी लाज वाटते की ते हाक मारायचंच टाळतात. संध्याकाळची रामरक्षाही बंद केलीये.

तर एक दिवस मनात आलं की ही पाच अक्षरं न वापरता कविता लिहायची. लिहिल्या. एक खाली देते. कट्ट्यावर वाचली तर एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, 'ही सर्कस झाली, कविता नव्हे', आणि एक मैत्रीण म्हणाली, 'आयडिया मस्तंय', ते तर अजूनच लागलं. तेव्हापासून काही सुचत नाही. ही कविता आहे का नुसती कसरत? गझल सोडून हे करतेय म्हणजे गझल संपली म्हणून पळवाट काढतेय का? आणि आमचं मराठी हे असं बडोद्याचं, घरात मराठी, बाहेर गुजराती, ऑफिसात हिंदी, त्यात प्रयोग-बियोग करायचा आपल्याला काय अधिकार, ते पुण्या-मुंबईच्या लोकांनी करावं, असंही वाटतं.

आज चहा जरा गार झाला
चालेल, असू दे
खिडकीतला कावळा तोच, ओळखीचा
रोज येतो, खातो, जातो
त्याला कुणी नाव विचारत नाही

नयनी नीर दाटले
हृदयी सल दारुण
अधरांची ही कारा
कशी तोडशील सांग

उत्तर :
पिंकी, पहिल्या पाच ओळी कविता आहेत, पुढच्या चार नाहीत. आणि दोन्हीकडे नियम तोच आहे, पाच अक्षरं बंद, म्हणजे गुन्हा नियमाचा नाही एवढं तरी तुझ्या स्वतःच्याच कागदावर सिद्ध झालंय, त्यासाठी माझी गरज नव्हती. 'त्याला कुणी नाव विचारत नाही' ही ओळ वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि जरा वेळ काहीच केलं नाही. अण्णांचा आजार, हाक, लाज, यातलं काहीही न बोलता सगळं तिथे आलंय. आणि मग लगेच खाली 'नयनी नीर'! अगं, तुमच्या घरात नीर कोण म्हणतं? पाणी म्हणता येत नव्हतं म्हणून तू डिक्शनरीत गेलीस आणि तिथून नीर, सल, अधर, कारा असं सगळं एका पिशवीत घेऊन आलीस. सर्कस म्हणायचीच असेल तर ती इथे आहे, त्या गृहस्थांना कदाचित हेच खटकलं असेल आणि त्यांनी रागाच्या भरात सगळ्या कवितेवरच शिक्का मारला.

आता मला सांग, अण्णांना तहान लागली की ते काय म्हणतात? मी पैजेवर सांगते, 'ग्लास दे' म्हणत असतील. किंवा 'एक घोट दे'. झोप आली तर 'डोळे जड झालेत'. भूक लागली तर 'खायला दे'. ज्याच्या तोंडात पाच अक्षरं अडकतात तो माणूस दिवसभर असे वळसे घालत असतो, आजूबाजूच्यांना कळतही नाही, आणि ते वळसे म्हणजे तुझं कवितेचं साहित्य आहे. दोन-तीन दिवस वही घेऊन नुसतं ऐक. काय बंद झालं आणि काय उरलं ते बघ. भात, पोळी, भाजी, आमटी सगळं गेलं, पण वरण, खिचडी, दही, ताक, कढी राहिली (आजाऱ्याचंच जेवण उरलं, बघ गंमत). फाफडा गेला, गाठिया राहिला. सेव-उसळ राहिली, देवाची कृपा. कमाटीबाग, मांडवी, रावपुरा, न्यायमंदिर, तुमचा दांडिया बाजारसुद्धा गेला, पण सूरसागर राहिला, सयाजीगंज राहिलं. बडोदं गेलं! बाबा गेले, मामा-मावशी गेल्या, मुलगी गेली, लेक राहिली. ही यादी वाचताना तुला आपोआप ओळी दिसायला लागतील, डिक्शनरी लागणार नाही.

कसरतीचा आरोप म्हणशील तर तो फार जुना आहे आणि अगदीच बिनबुडाचा नाही, हे आधी मान्य करू. संस्कृतवाल्या मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त काव्याचे उत्तम, मध्यम आणि अधम असे थर लावले, त्यात चित्रकाव्य म्हणजे अक्षरांचे, शब्दांचे चमत्कार हे तळाला. आपल्याकडे वामन पंडितांना तर लोकांनी 'यमक्या वामन' करून टाकलं. आणि मोरोपंत (१७२९-१७९४, आपले बारामतीचे) यांच्या नावावर एकशे आठ रामायणं सांगतात, प्रत्येकात काहीतरी निराळी करामत, त्यातलं एक आहे निरोष्ठ रामायण. ओठांनी उच्चारायची अक्षरं पूर्ण टाळून सांगितलेलं रामायण. म्हणजे तू करतेयस तेच, फक्त अख्ख्या रामकथेला लावलेलं.

आता यातला पेच बघ. 'म' बंद, म्हणजे त्या रामायणात 'राम' म्हणता येत नाही! ज्याच्यासाठी सगळा खटाटोप त्याचंच नाव घ्यायचं नाही, दाशरथी म्हणा, जानकीनाथ म्हणा, कसंही वळून या, पण राम नाही. मोरोपंतांनी ते भक्तीपोटी केलं असेल, पांडित्याच्या हौसेनं केलं असेल, दोन्ही असेल, मला त्यांच्या मनातलं काय माहीत. पण तुझं पत्र वाचल्यावर मला ते रामायण एकदम वेगळं दिसायला लागलं, कारण तुझ्या घरात एक माणूस खरंच असा बसलाय ज्याला राम म्हणायचंय आणि म्हणता येत नाहीये. मोरोपंतांच्या नियमाला घर मिळालं ते तुमच्याकडे.

अजून मागे जा. संस्कृत लेखक दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त नावाचा एक कुमार आपली गोष्ट ओष्ठ्य म्हणजे ओठांच्या अक्षरांशिवाय सांगतो, कारण काय तर प्रियेनं रात्री त्याचे ओठ चावलेत, ते दुखतायत. म्हणजे तिथे नियमाला कथेतच कारण आहे, शृंगारिक आहे, जरा चावटही आहे, पण कारण आहे. आणि इकडे विसाव्या शतकात जॉर्ज पेरेक नावाच्या फ्रेंच लेखकानं १९६९ साली एक अख्खी कादंबरी 'e' हे अक्षर न वापरता लिहिली, फ्रेंचमधलं सगळ्यात जास्त लागणारं अक्षर. लोकांना गंमत वाटली. पण त्या अक्षराशिवाय फ्रेंचमध्ये आई लिहिता येत नाही, बाप लिहिता येत नाही, आणि पेरेकचे वडील १९४० साली युद्धात गेले, आईला १९४३ मध्ये ऑशविट्झला नेलं, हे पोर सात वर्षांचंही नव्हतं. ते कळल्यावर मग त्या गायब अक्षराकडे कसं बघायचं ते प्रत्येकानं ठरवावं.

तर माझ्या मते कसरत कुठली आणि कविता कुठली हे ओळखायची एक साधी चाचणी आहे : नियम काढून टाकला तर ती ओळ सुधारते का? 'नयनी नीर' मधला नियम काढ, 'डोळ्यात पाणी' होईल, लगेच सुधारली. म्हणजे तिथे नियम नुसता अडथळा होता. 'त्याला कुणी नाव विचारत नाही' मधला नियम काढ, काय बदलणार? काहीच नाही. ती ओळ नियमातच जन्माला आली. प्रत्येक ओळीला हे विचार आणि जी नापास होईल ती फाड. 'मी कवयित्री आहे का' हा प्रश्न मात्र विचारू नकोस, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं आणि त्यानं एकही ओळ दुरुस्त होत नाही.

नियम किती कडक ठेवायचा यावरून तुला उद्या कुणीतरी अडवेलच म्हणून आत्ताच सांगते. शास्त्राप्रमाणे उ-ऊ हेही ओष्ठ्य, ओ-औ कंठोष्ठ्य (कंठ आणि ओठ), 'व' दंतोष्ठ्य (दात आणि ओठ). ते सगळं टाळायचं म्हटलं तर तुझा कावळा उडाला, तो गेला, रोज गेलं, कुणी गेलं, नावही गेलं. एखादे पंडित म्हणतील, 'हे शुद्ध निरोष्ठ नाही हो.' नसू दे. तुझा नियम व्याकरणातून आलेला नाही, अण्णांच्या तोंडातून आलाय, आणि तू लिहिलंयस त्याप्रमाणे त्यांची पाचच अक्षरं अडतात, बाकीची येतात, तर तीच पाच बंद. उद्या त्यांना 'फ' जमायला लागला तर कवितेत 'फ' येऊ दे. नियम त्यांच्याबरोबर बदलला तर ती कवितांची मालिका होईल, आणि हा प्रयोग निदान माझ्या वाचनात तरी आलेला नाही.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आलीये की नाही माहीत नाही. या नियमात 'मी' नाही. माझं, मला, आम्ही, आपण, काहीच नाही. गझलेत तू मक्त्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या शेरापर्यंत, 'मी मी' करत असशील (सगळेच करतात, राग मानू नकोस), इथे ती सोयच नाही, आणि मला वाटतं तुझी निम्मी घाबरगुंडी त्याचीच आहे, पायाखालची सवयीची फरशी काढून घेतल्यासारखी. पण मराठी क्रियापद किती कामाचं आहे बघ. 'सकाळी जरा थकले, उन्हात टेकले'. एकही बंद अक्षर नाही. कोण थकले? तू बाई म्हणून 'मी थकले' म्हणशील आणि वडिलांना आदरानं 'अण्णा थकले' म्हणशील, रूप एकच! कर्ता काढून टाकला की बाप आणि लेक एकाच क्रियापदात येऊन बसतात आणि वाचणाऱ्याला सांगता येत नाही कोण कुठलं. हे तुला गझलेत कधी मिळालं नसतं, कारण तिथे तू 'मी' लिहून मोकळी झाली असतीस. यावर एक अख्खी कविता लिही, मला पाठव.

'पण', 'मग', 'म्हणून' हेही जातात, त्यामुळे वाक्यं तुटक होतात, सांधे राहत नाहीत. ते जोडायला जाऊ नकोस. अण्णा तरी सध्या कुठे लांब वाक्यं बोलतायत.

मैत्रिणीच्या 'आयडिया मस्तंय'बद्दल : तू वाचायच्या आधी नियम सांगितलास ना? मग सगळे कवितेऐवजी अक्षरं पकडत बसले असणार, कुठे चुकून 'म' सापडतो का. आधी नुसती वाच, दोनदा वाच, आणि कुणी विचारलंच तर सांग. पेरेकच्या कादंबरीत एक अक्षर गायब आहे हे एका समीक्षकाच्या लक्षातच आलं नव्हतं असा किस्सा प्रसिद्ध आहे, ती काही कमी दाद नाही. पुस्तकात छापताना मात्र शेवटी एका ओळीत सांगावं असं माझं मत, कारण अण्णांचं कारण लपवलं तर वाचकाचंही नुकसान आहे.

आणि बडोद्याचं काय घेऊन बसलीस! तू जी गझल सोडून आलीस आणि जी तुला आता एकदम सुरक्षित, घरची वाटतेय, ती मराठीत फारसीवरून रीतसर रुजवली माधव जूलियन यांनी, आणि त्यांचा जन्म बडोद्याचा, १८९४. तेव्हा तो प्रयोगच होता की. दिलीप चित्रे जन्मले बडोद्यात, १९३८ साली. त्यांच्या वडिलांचं 'अभिरुची' मासिक १९४० च्या दशकात इथूनच निघायचं आणि मर्ढेकरांच्या ज्या नव्या कवितांनी लोक चक्रावून गेले त्यातल्या काही त्यात आल्या. पुढे मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटलासुद्धा झाला, ते सुटले. आता यावरून 'मला हसले म्हणजे मीही मर्ढेकर' असं गणित मांडू नकोस, हसण्यासारख्या कविताही जगात भरपूर असतात. माझं म्हणणं एवढंच की अधिकार पुण्या-मुंबईहून येतो हे तुला कुणी सांगितलं? आणि तुझं गुजराती मिसळलेलं मराठी तर या नियमात कामाला येणार आहे, मराठी शब्द बंद झाला की शेजारी गुजराती शब्द उभा असेल, अण्णाही वापरत असतील, तो बिनधास्त घे.

ही गझलेतून पळवाट का, तर नाही वाटत. इतकी वर्षं मात्रा मोजलेल्या बोटांनाच अक्षरं गाळायची शिस्त लागते. गझल कुठे जात नाही, पुढच्या महिन्यात लिही.

आता खरं महत्त्वाचं, जे तू विचारलंच नाहीस. अण्णांना ही कविता दाखवलीस का? तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारते. ज्या गोष्टीची त्यांना लाज वाटते तीच तू कट्ट्यावर चार लोकांत वाचून आलीस, तर आधी त्यांना सांगायला हवं, आणि ते नको म्हणाले तर वही बंद ठेवायची, तिथे कवितेचा हट्ट चालत नाही. पण मला वाटतं ते नको म्हणणार नाहीत. कारण विचार कर, सध्या पेपर, पोथी, रामरक्षा, टीव्हीवरच्या पट्ट्या, जे जे ते मोठ्यानं वाचायला जातील तिथे दर दोन शब्दांनी ठेच आहे. तुझी कविता ही अशी एक गोष्ट आहे जी ते पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत न अडखळता मोठ्यानं म्हणू शकतील. कट्ट्यावर तू कशाला वाचतेस, त्यांना वाचू दे! निदान घरी. मात्र थेरपीच्या मॅडमना हे सांग आणि पा-पा, बा-बाचा व्यायाम अजिबात सोडू नका, कवितेत सुट्टी मिळाली म्हणून आरशासमोर सुट्टी नाही, ती अक्षरं परत आणायचीच आहेत. रामरक्षा अडत असेल तर तोवर नुसतं 'जय रघुनाथ' म्हणून दिवा लावा, त्यात एकही ओठ मिटत नाही.

दुसऱ्या चार ओळी काढून टाक, पहिल्या पाचवरच कविता संपव.

प्रश्न :
वय ६८, निझामपुरा. नातीच्या नादानं हायकू लिहायला लागलोय. ५-७-५ मोजताना अक्षरं मोजायची का मात्रा, यावर मित्रांशी रोज वाद होतो, त्यामुळे लिहायचा आत्मविश्वासच गेलाय. काय करावं?

उत्तर :
काका, जपानी लोक जे मोजतात ते धड आपलं अक्षर नाही आणि धड मात्राही नाही. त्यांच्यात दीर्घ स्वराचे दोन धरतात आणि शब्दातला सुटा 'न्'सुद्धा एक धरतात, म्हणजे त्यातल्या त्यात आपल्या मात्रेच्या जवळ जातं. पण सतरा मात्रांत मराठी वाक्य गुदमरतं हो, नुसतं 'आभाळाएवढा' म्हटलं की अकरा गेल्या, उरल्या सहा. म्हणून आपल्याकडे बरेच जण अक्षरं मोजतात आणि बरेच जण काहीच मोजत नाहीत, तीन छोट्या ओळी आणि त्यात एक क्षण पकडायचा एवढंच बघतात. शिरीष पैंनी हायकू मराठीत आणला, रुजवला, त्यांचे हायकू वाचा म्हणजे मोजणीचं दडपण जाईल. तुम्हाला आकडा हवाच असेल तर अक्षरं मोजा, एक पद्धत धरा आणि वर्षभर तीच ठेवा. मित्रांशी वाद चालू राहू दे, फक्त लिहून झाल्यावर घाला.